आधी विचारायचं असतं

मास्तरांनी निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि त्या निम्म्या शहराने त्यांचा ओरडा खाल्ला होता. 'आरसा बघ! आरसा काय भांग पाडायला लावलाय?' हे त्यांचं वाक्य तर शिकणाऱ्यांनी आपापल्या घरी नेऊन मुलाबाळांना शिकवलं होतं. त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. वास्तविक तिने कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं आणि स्टिअरिंगला तर हातसुद्धा लावला नव्हता. ती एका शिंप्याच्या दुकानात रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं भोक ती अशी बुजवायची की कोटाच्या मालकालाही ते पुन्हा सापडायचं नाही.

अशा बाईच्या डोळ्याचाच पडदा फाटावा याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो जागेवर बसवला आणि तो तिथेच दाबून राहावा म्हणून डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडला. "बुडबुडा नेहमी वर चढतो," डॉक्टर म्हणाले, "म्हणून तुम्ही खाली बघायचं. खाताना, बसताना, झोपताना तोंड जमिनीकडे. मी सांगेपर्यंत मान वर करायची नाही. आणि वाचायचं अजिबात नाही. एक डोळा ओळीवरून पळायला लागला की दुसराही त्याच्यामागे पळतो."

पालथं राहण्याचं तिला एवढं वाटलं नाही. पण वाचायचं नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा तसाच खाली ठेवून ती घरी आली.

कारण मास्तरीणबाईंना एक नाद होता. दारूचा बरा, असं मास्तर म्हणत, निदान तो लोकांना समजतो तरी. तिला प्रेमाच्या कादंबऱ्यांचा नाद होता, आणि त्यातही एका ठरावीक जातीच्या. पूर्वीच्या काळच्या गोष्टींच्या चालीवर आजच्या लेखिकांनी लिहिलेल्या. बग्ग्या, हवेल्या, शेकोटीपाशी शिवण घेऊन बसलेल्या बहिणी, एक तोंडाळ हुशार मुलगी आणि एक नाक वर करून चालणारा श्रीमंत माणूस. दोघांचं पहिल्या भेटीत फाटणार, मधेच तो तिला मागणी घालणार, ती नकार देणार, मग त्याची रग जिरणार, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो पुन्हा विचारणार. लायब्ररीतल्या अशा सगळ्या कादंबऱ्या तिच्या वाचून झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तर दोनदोनदा.

"शेवट ठाऊक आहे ना? मग वाचायचं कशाला?" मास्तर विचारत.

"तुम्हाला रस्ता ठाऊक असतो ना? मग गाडी कशाला चालवता?" ती म्हणे.

 त्यावर मास्तर पेपर वर करून तोंड झाकत.

आता पलंगाच्या कडेला उशा रचून, मधे चेहऱ्यापुरती फट ठेवून ती पालथी पडली. त्या फटीतून तिला चांगल्या डोळ्याने दिसायची ती फरशी, पाण्याचा तांब्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. दूरगावी राहणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, मोबाइलला वाचायला लाव, तो मोठ्याने वाचतो." लावला. मोबाइलमधली बाई तिकीटखिडकी बंद झाल्याची सूचना द्यावी तशी वाचू लागली. 'त्याने. तिचा हात. हातात घेतला.'

"बंद कर ती बाई," स्वयंपाकघरातून मास्तर ओरडले. "हात हातात घेतला की हातोडा? दे ते पुस्तक इकडे."

"तुम्ही वाचणार?"

"मी वाचणार नाही. मी फक्त मोठ्याने उच्चारणार. मजकुराला मी जबाबदार नाही."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि उशांच्या फटीत मास्तरांचे दोन पाय येऊन बसले.

लायब्ररीत नुकतीच आलेली ही कादंबरी तिने अजून वाचलेली नव्हती. सुरुवातीलाच एक अरुंद पूल होता. गावच्या डॉक्टरची मुलगी बापाची औषधं घेऊन टांग्यातून पूल चढत होती आणि समोरून हवेलीवाल्याची बग्गी उतरत आली. दोघंही अडले. 'गाडी मागे घ्या,' तो म्हणाला. 'आपणच घ्या,' ती म्हणाली.

मास्तर थांबले. "चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. हा साधा नियम आहे. हा गाढव उतरतोय, यानेच थांबायला हवं."

"मग काय! तेच तर ती म्हणतेय."

"म्हणतेय कुठे? नुसती टोमणे मारतेय. नियम सांग ना त्याला!"

"नियम सांगितला तर पुस्तक तिथेच संपेल हो."

मास्तर पुढे वाचू लागले. बग्गीचं चाक कठड्याला घासलं तेव्हा फटीतल्या उजव्या पायाने फरशी जोरात दाबली. मास्तरीणबाईंना हसू आवरेना. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय आधी चालायचा आणि तोंड मागून. इतकी वर्षं तो पाय तसाच चालत आला होता. मुलगी जिन्यावरून धावली की पाय, दूध उतू जाऊ लागलं की पाय. आता तो हवेलीवाल्याच्या बग्गीला ब्रेक लावत होता.

म्हणता म्हणता मास्तर त्या गोष्टीत गुंतले. कबूल करतील तर ते मास्तर कसले! पण चहा घेऊन यायचे तो पुस्तक बगलेत मारूनच. डॉक्टरच्या मुलीचा बाप आजारी पडला तेव्हा त्यांचा आवाज बसला आणि त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. एकदा दुपारी शिकवणीवरून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "तो गोडबोल्या लष्करातला माणूस आहे ना, तो काही खरा नाही. लिहून ठेव."

"या पुस्तकांत गोडबोल्या कधीच खरा नसतो," ती उशीतून म्हणाली. "आणि तुम्हाला हो काय माहीत? आपण तर अजून तिथवर आलोच नाही. गाडीत पुढचं वाचलंत ना?"

पायांची बोटं आखडली. "एक जण उशिरा आला शिकायला. मग काय करणार बसून?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथे घडा पालथा असून पाणी भलत्याच ठिकाणी मुरत होतं. मास्तरीणबाईंना ते फार आवडलं. नवरा आपल्याजवळ बसून प्रेमाविषयी बोलतोय, मग ते दुसऱ्याच्या प्रेमाविषयी का असेना, हे त्यांच्या संसारात नवीनच होतं. मास्तर वाईट माणूस नव्हते. घरात कशाची वाण पडू दिली नव्हती. पण गोड शब्द म्हणजे पेट्रोल आहे आणि उगाच जाळायचं नसतं, अशी त्यांची समजूत होती.

मग ते पहिल्या मागणीपाशी आले.

हवेलीवाला डॉक्टरच्या घरी आला. उभ्या उभ्या म्हणाला, की तुमचं घराणं लहान, तुमच्या बहिणी वाचाळ, माझे आप्त काय म्हणतील याचा मी पुष्कळ विचार केला, पण माझ्या मनाने हार खाल्ली आहे. तेव्हा माझा स्वीकार करा. आणि डॉक्टरची मुलगी म्हणाली, नाही.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "हे काय! एवढा हवेलीचा मालक पायी चालत आला, आणि नाही म्हणाली?"

"मग काय करायचं? उपकार केल्यासारखं विचारलं त्याने."

"विचारलं तर खरं! पुस्तकातल्या या पोरींना कशाचं भान नाही. बापाचं छप्पर गळतंय, आणि नाही म्हणे!"

"छप्पर गळत असतानाही तिला नाही म्हणता आलं," मास्तरीणबाई म्हणाली, "म्हणून तर वाचते मी."

हे बोलताना तिचा आवाज बदलला. तिला स्वतःलाही तो ऐकू आला. तोंड उशीत होतं, समोर कोणाचा चेहरा नव्हता, कदाचित म्हणून बोलणं पुढे गेलं. "तुम्ही नेहमी विचारता ना, की शेवट ठाऊक असताना कशाला वाचतेस? मी शेवटासाठी वाचतच नाही. तो विचारतो आणि मग जरा वेळ कोणी काही बोलत नाही, त्यासाठी वाचते. तेवढ्या वेळात तो नुसता उभा असतो. सगळं तिच्या हातात असतं. ती हो म्हणेल, नाही म्हणेल. कधी कधी तर मी तिथे बोट घालून पुस्तक मिटते आणि कामं उरकून येते. तोवर तो बिचारा उभाच." ती थोडी हसली. "मला कोणी विचारलं नाही हो."

"म्हणजे? मी नाही का विचारलं?"

"भाऊंना विचारलंत. माझ्या थोरल्या भावाला. मी आत शिवणकामाच्या, कटिंगच्या कोर्सचा फॉर्म भरत होते. भाऊ आत आले आणि म्हणाले, तुझं ठरलं. तो फॉर्म तसाच राहिला."

 पाय उठले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर शिकवणीला गेलेच नाहीत. सकाळी डोळ्यात थेंब घातले, चहा दिला, खुर्चीत बसले. घसा साफ केला. मास्तरांनी घसा साफ केला की शिकणारे हँडब्रेक तपासत.

"हे बघ," ते म्हणाले, "कालचं माझ्या डोक्यात बसलं. तू म्हणालीस विचारलं नाही. ठीक आहे. आता विचारतो. मी निर्व्यसनी आहे. घर आपलं स्वतःचं आहे. तुझं औषधपाणी मी वेळच्या वेळी करतोय, स्वयंपाकसुद्धा करतोय, कशाला नाही म्हटलेलं नाही. दुसऱ्या कोणी एवढं केलं असतं असं मला वाटत नाही. तर या सगळ्याचा विचार करता, तू माझ्याशी लग्न केलं असतंस की नाही? हो म्हण, म्हणजे विषय मिटला."

मास्तरीणबाईंना पहिल्यांदा हसू आलं. अगदी हवेलीवाल्यासारखंच, घराण्याच्या जागी औषधपाणी! मग हसू ओसरलं आणि कानात शेवटचे दोन शब्द राहिले. विषय मिटला. म्हणजे हा विषय मिटवायला आला होता. तिने कितीतरी डॉक्टरच्या मुलींना या जागी उभं पाहिलं होतं, आणि त्या प्रत्येकीच्या तोंडचा शब्द तिला पाठ होता.

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिची तीच दचकली. थट्टा करायची होती, पण तो थट्टेसारखा वाजला नाही. आतून कुठून तरी, त्या अर्ध्या भरलेल्या फॉर्मपासून आला होता. फटीतले पाय जवळजवळ आले, एक दुसऱ्यावर चढला, लहान मुलाचे चढतात तसा.

"बरं," मास्तर म्हणाले. एवढंच.

त्या दिवसापासून वाचन बंद झालं. बाकी काही बंद झालं नाही. थेंब वेळेवर पडत, भात मऊ होत असे, पाठ अवघडली की मास्तर तेल लावून चोळून देत. पण पुस्तक कपाटावर गेलं, आणि मास्तर जरुरीपुरतं बोलू लागले. पुस्तकात अशा वेळी दोन बहिणी असतात, त्यांच्यापाशी मन मोकळं करता येतं. मास्तरीणबाईंपाशी फरशी होती.

माफी मागावी असं तिला कित्येकदा वाटलं. अहो, गंमत केली, एवढं म्हटलं की झालं असतं. पण ती गंमत नव्हती. आयुष्यात एकदाच मिळालेला 'नाही' तिला परत करवेना, आणि त्याच वेळी तिला रात्रंदिवस भीती वाटत राहिली, की हा माणूस आता पुन्हा विचारणार नाही. हवेलीवाल्याला लेखिका पाठवते. मास्तरांना कोण पाठवणार? आणि त्यांनी पुन्हा विचारावं असं आपल्याला इतकं वाटतंय, हे जेव्हा तिच्या ध्यानात आलं, तेव्हा उशी भिजली. डोळ्याला बरं नव्हतं ते, पण डॉक्टरांनी रडायचं नाही असं काही सांगितलं नव्हतं.

अखेर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पडदा छान बसलाय. आता मान वर करा."

मान वर करणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. भिंती फार उंच झाल्या होत्या. दुखऱ्या डोळ्यात बुडबुड्याची कड हलत होती, बादली उचलल्यावर पाणी हलतं तशी. गाडीत ती मास्तरांच्या शेजारी बसली आणि तिने इतक्या दिवसांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली सावल्या. पाय पाहून तिला हे काहीच कळलं नव्हतं.

घराशी गाडी थांबली, पण मास्तर उतरले नाहीत. इंजिन बंद केलं आणि वरचा आरसा नुसताच इकडे तिकडे केला.

"भाऊ माझ्याकडे गाडी शिकायला यायचा," ते म्हणाले, "तेव्हा एक दिवस तू मागच्या सीटवर बसली होतीस. आठवतंय?"

"त्यांनी चढावर गाडी बंद पाडली, तेव्हा?"

"पाडतच राहिला. आणि तू मागे हसत सुटलीस. मी आरशात बघितलं. आरसा मागच्या गाड्या बघायला असतो. मी त्या दिवशी मागच्या गाड्या बघितल्याच नाहीत. मागून सगळे हॉर्न मारत होते."

मास्तरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. तिला वाटत आलं होतं, की भावाचा ओळखीतला माणूस, त्याला बायको हवी होती, घरात एक बहीण होती, झालं. इतकी वर्षं ती हेच धरून चालली होती.

"मग मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?" मास्तर समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "भाऊ नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. माझी नोकरी पक्की होती, तुमच्या घरी घाई होती. तुला विचारायचं म्हणजे ते तुझ्या हातात गेलं असतं. दुसऱ्याच्या हातात गाडी दिली तरी माझ्या पायाखाली माझा ब्रेक लागतो. तो सोडून मला बसताच येत नाही. तो बग्गीवाला निदान समोर जाऊन उभा राहिला आणि नाही ऐकून आला. मी तेवढंही केलं नाही. त्या दिवशी तुझं 'नाही' ऐकलं, तेव्हा कळलं काय असतं ते."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.  घरात गेल्यावर मास्तरांनी तिला खिडकीशी खुर्चीत बसवलं, चहा आणून दिला. स्वतःचा कप हातात घेऊन ते समोर उभे राहिले. बसले नाहीत.

"मी तुझे थेंब घालीन," ते म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याचं काही निघालं तर तेही बघीन. चहा करीन. तू काहीही म्हणालीस तरी यातलं काही बदलणार नाही, त्यामुळे ते हिशेबात धरू नकोस. तो कटिंगचा कोर्स अजून असेल कुठे तर चौकशी करीन, तेही धरू नकोस. मला फक्त विचारायचंय. माझ्याबरोबर राहायचंय का तुला?"

मग ते थांबले.

हीच ती जागा होती. तिने शेकडो वेळा बोट घालून मिटलेली. पुस्तकात इथे कुठेतरी दूर घड्याळ वाजतं, शेकोटीत लाकूड तडकतं. इथे शेजारच्या घरात कोणीतरी बादली भरत होतं. समोर एक म्हातारपणाकडे झुकलेला, ओरडून ओरडून घसा घोगरा झालेला माणूस उभा होता आणि त्याला खरोखर ठाऊक नव्हतं की आपल्याला काय ऐकावं लागणार आहे.

आणि तिलाही ठाऊक नव्हतं! याचंच तिला नवल वाटलं. तिला वाटलं होतं, की विचारलं की उत्तर तोंडावर तयार असेल. पण खरा प्रश्न आला की खरा विचार करावा लागतो.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. घाई केली नाही, 'कधी' म्हणून विचारलं नाही. दोन्ही कप उचलले आणि आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

ती बसून राहिली. अर्धवट फॉर्म आठवला, त्याचं दुःख अजून जिवंत होतं आणि ते कोणी विचारल्याने जाणार नव्हतं. मुलीचा जन्म आठवला. मास्तरांचा ओरडा आठवला, आणि ओरडून झाल्यावर तिच्यासाठी काढून ठेवलेली साय आठवली. या माणसावर आपण रागावलो होतो, हे तिने मनातल्या मनात स्पष्ट म्हटलं. आणि हा उद्या घरात नसला तर आपल्याला घरात करमणार नाही, हेही तितकंच स्पष्ट म्हटलं. सवय म्हणून नव्हे. तिने नीट तपासून पाहिलं, रफूचा टाका उजेडात धरून तपासावा तसं. सवय वेगळी होती आणि हे वेगळं होतं.

मग ती उठली. भिंतीला धरून, मान ताठ ठेवून, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. मास्तर पाठमोरे उभे राहून तोच कप पुन्हा पुन्हा धूत होते. चाहूल लागली असणार, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. आपण बघितलं तर हिला घाई होईल, म्हणून ते बघत नव्हते, हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं.

"राहायचंय," ती म्हणाली.

नळाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणून त्यांनी नळ बंद केला.

"राहायचंय म्हटलं मला. तुमच्याबरोबर. मला विचारलं म्हणून सांगतेय, नाहीतर मी आपली राहतच होते."

पुस्तकातले नायक या जागी काहीतरी सुंदर बोलतात.  मास्तर हातात ओला कप धरून ढसाढसा रडू लागले, आणि मास्तरीणबाईंनी आधी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला.